घोडीचा पोळा

सिल्वासा
२ जुलै २०२५

प्रिय कुसुमताई,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन मोबाइल जवळ नेला की शिट्ट्या मारतं, म्हणून पत्र लिहितेय. शिवाय जे सांगायचंय ते भास्करने तुमच्या कानाशी ओरडून सांगावं असं मला वाटत नाही. तुमचा मुलगा आधीच मला हसतो.

तर वाचा. तुमच्या भावाने घरी घोडी आणली आहे.

रविवारी सकाळी मी भाजी निवडत बसले होते. दारात पिकअप थांबला. मला वाटलं वॉशिंग मशीन आलं, कारण त्यासाठी मी यांच्या मागे लागले होते. फळी उघडली तर आतून एक लांबलचक पांढरं तोंड बाहेर आलं. मागोमाग हे उतरले, शर्टाला गवत चिकटलेलं, आणि मला म्हणतात, "ज्योती, ही शेवंती." जशी काही माझी मावसबहीण आली मुक्कामाला!

मागच्या शेडमध्ये आपण जुनं फर्निचर ठेवतो ना, ते सगळं आता माझ्या हॉलमध्ये आहे आणि घोडी शेडमध्ये. पहिल्याच दिवशी तिने माझा मोगरा खाल्ला. नुसता तोडला नाही हो, मुळापासून खाल्ला. आणि लीद! ताई, एवढ्याशा अंगणात एक जनावर एवढं कसं काय टाकू शकतं? सकाळी टाकते, दुपारी टाकते, पाहुणे आले की हमखास टाकते. माशांचं तर विचारूच नका. शेजारचे गुजराती भाई भले आहेत, नाकाला रुमाल लावून "केम छो" म्हणतात. जुईला पुण्याला कळवलं तर ती म्हणाली, "आई, रील टाक ना!" माझ्या पोटची पोरगी.

पण खरं सांगू का, घोडी आणली याचा मला तितका राग नाही. मला विचारलं नाही याचा आहे. आजवर घरात पडद्याचं कापड आणलं तरी "ज्योती, हा रंग चालेल ना" म्हणून दहादा विचारणारा माणूस, आणि घोडी आणताना मी आठवले नाही? कुठून आणली विचारलं तर म्हणतात, "ओळखीच्या माणसाची होती, त्याची अडचण होती." कुठला माणूस, कसली अडचण, असं विचारलं की खरारा हातात घेऊन घोडीला घासायला पळतात.

दाजींनी मळ्यात घोडी ठेवली होती, असं नेहमी ऐकायचे. मी मळ्यात कधी आले नाही, त्यामुळे पाहिली नाही. पण तुम्हाला यातलं कळतं. तेव्हा मला सरळ सांगा, घरी घोडी ठेवण्यात काय सुख आणि काय ताप. आणि एक पत्र यांनाही लिहा, की जिथून आणली तिथे परत पाठव म्हणून. या जगात ते एकाच माणसाचं ऐकतात, ती म्हणजे तुम्ही.

तुमची,
ज्योती

*

शहादा
१० जुलै

चि. ज्योतीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसायला आणि एकदा समजायला. मोगऱ्याचं वाईट वाटलं. तो तू आमच्या नाशिकच्या माहेरघरून नेलेला, मला ठाऊक आहे.

तू सरळ विचारलंस, मी सरळ सांगते. ताप पुष्कळ आहे. घोडी असली की तुम्ही दोघांनी मिळून गावाला जाणं संपलं. कुत्रं शेजाऱ्याकडे देता येतं, घोडी कोण ठेवून घेणार? पावसात तिचे खूर ओले राहता कामा नयेत, नाहीतर कुजतात. नाल ठोकणारा नालबंद तिकडे मिळणार नाही, कारखान्याच्या गावात त्याचं काय काम? हिरवा चारा, सुका चारा, भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी, प्यायचं पाणी, सगळं वेळच्या वेळी. रुसली तर खात नाही. आणि एक गोष्ट शेडच्या फळीवर चिकटवून ठेव. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं पुढूनच काय ते जायचं, माघारी यायची सोय देवाने ठेवलेली नाही. म्हणून गोडधोड, पीठ, पोळी, शिळंपाकं काही म्हणता काही द्यायचं नाही. बैलाला चालतं ते हिला चालत नाही. पोटाने घोडी एका दिवसात जाते.

आता सुखाचं. ते सांगायला अवघड आहे, कारण ते मोजून दाखवता येत नाही. घोडी घरात असली की माणूस पहाटे उठतो. त्याला उठावंच लागतं. आणि उठून तो पहिलं काम करतो ते दुसऱ्यासाठी. तुझे दाजी तापट होते हे तुला माहीत आहे. पण घोडीला खरारा करून घरात आले की तासभर तरी कोणावर ओरडायचे नाहीत. मला तो तासही पुरायचा. ती माणसाच्या पाठीला नाक लावून उभी राहते. तिला काही हवं असतं म्हणून नाही, उगीचच. लीद म्हणशील तर गुलाबाला आणि मोगऱ्याला तिच्यासारखं खत नाही. पण जो मोगरा खाऊन झालाय त्याला ते सांगून उपयोग नाही.

नंदूला लिहिते. पण घर तुझं आहे. ठेवायची की नाही हे तू ठरव, माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस.

कुसुमताई

*

शहादा
१० जुलै

चि. नंदूस,

हे पत्र मुद्दाम तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी नेऊ नकोस.

गाढवा, तिला न विचारता आणलीस? मी तुला काय सांगितलं होतं? "ज्योतीला विचार आणि मग ने." तू "हो ताई, हो ताई" म्हणालास आणि पिकअप घेऊन आलास. ती चिडली आहे ती अगदी बरोबर चिडली आहे.

तरीही घोडी माझी आहे, हे तिला सांगू नकोस. का ते ऐक. तिला कळलं की ही दाजींची शेवंती, त्यांनी सारंगखेड्याच्या बाजारातून शिंगरू असताना आणलेली, की ती एका शब्दाने नाही म्हणणार नाही. विधवा नणंदेचं मन कसं मोडायचं, म्हणून गप्प राहील आणि जन्मभर लीद काढत बसेल. मला तसं नको आहे. तिला नको असेल तर तिला नको म्हणायची मोकळीक हवी. उपकारावर ठेवलेलं जनावर सुखी राहत नाही, आणि ठेवणारा त्याहून नाही.

भास्करवर राग धरू नकोस. मळा गेला, आता आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, तिथे घोडी जिन्याने न्यायची का? त्याने तिला वरातीच्या बँडवाल्याला द्यायचं बोलणं केलं, त्यात त्याचं काही चुकलं नाही. पण त्या डीजेच्या भिंतीसमोर तिला चाबकाने नाचवतील, हे मला सोसवेना. म्हणून तुला बोलावलं. ती तिथे आहे तोवर मला झोप लागते. ज्योतीने नाही म्हटलं तर मात्र बँडवाल्याशिवाय दुसरं ठिकाण नाही, हेही मला कळतं.

एकच सांगते, तू हसशील. मला आता कोणाचं काही ऐकू येत नाही. पण शेवंतीच्या गळ्यावर हात ठेवला की ती खिंकाळली, फुरफुरली ते हाताला कळायचं. तेवढं एकच मला नीट ऐकू यायचं. माणसांच्या गळ्यावर हात ठेवला तर ती घाबरतात.

तुझी,
ताई

*

सिल्वासा
२४ जुलै

प्रिय ताई,

तुम्ही यांना काय लिहिलंत कोण जाणे! परत पाठवायचं नावच काढत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "ताईने निर्णय तुझ्यावर सोडलाय," आणि केविलवाणं तोंड करतात. म्हणजे वाईटपणा माझ्याकडे. छान!

तुमचं पत्र फळीवर लावलंय. नालबंद खरंच मिळाला नाही. इथे पावसाने चिखल झाला आहे. शेडमध्ये पाणी शिरलं तेव्हा हे कामावर होते, मीच फावडं घेऊन चर खणला. मागच्या चाळीतला चिंधा मदतीला आला. तो नंदुरबारकडचा, यार्नच्या कारखान्यात आहे. त्याची बायको तानूबाई रोज घोडीला बघायला येते. दोन मिनिटं उभी राहते, नमस्कार करते आणि जाते. मी म्हटलं, "अगं, ही काय देवी आहे?" तर म्हणाली, "काकू, गाव सोडल्यापासून घरात गुरू नाही." गुरू म्हणजे गुरं-ढोरं, हे मला तिने नंतर समजावलं.

तुम्ही सुखाचं लिहिलंत, त्यातलं थोडं दिसतं. तुमच्या भावाची साखर उतरली आहे. मोबाइल घेऊन सोफ्यावर लोळायचे, ते बंद झालं. बोलतातही. माझ्याशी नाही, घोडीशी. कंपनीतलं सगळं राजकारण तिला पाठ आहे. मी खिडकीतून ऐकते, म्हणून आता मलाही कळलं की साहेबाशी यांचं का फाटलं. आणि घोडी माझ्या पाठीला नाक लावत नाही बरं का. मला बघून ती कान टवकारते आणि सावधान उभी राहते, कारण मी कायम तिला ओरडत असते.

पण ताई, मला हे झेपायचं नाही. ऑगस्टमध्ये यांना ट्रेनिंगसाठी पुण्याला जायचंय. मी एकटी, आणि हे एवढं धूड! दादऱ्याहून एक बँडवाला येऊन बघून गेला. दसरा झाला की लग्नाच्या सीझनसाठी घेऊन जाईन म्हणाला. मी विचारलं, ही कधी नाचलेली नाही, कसं जमेल? तर म्हणाला, "चाबूक दाखवला की सगळ्या शिकतात." मी दसऱ्यानंतर बघू म्हटलंय. हे त्या दिवशी जेवले नाहीत.

मी चुकतेय का? तुम्हीच सांगा.

ज्योती

*

शहादा
४ ऑगस्ट

चि. ज्योतीस आशीर्वाद.

तू चुकत नाहीस. एकटीने सांभाळणं सोपं नाही, हे मी करून पाहिलं आहे. द्यायची असेल तर दे. माझ्याकडून तुला कधी बोल लागणार नाही.

दसऱ्याला तिला आंघोळ घालून झेंडूचा हार घाल, हळदीकुंकू लाव, आणि मग पाठव. घोड्याचा मान असतो त्या दिवशी. चाबकाबद्दल तू लिहिलंस, त्यावर मी काही लिहीत नाही.

एक आहे. पाऊस जोरात असला की ती दाराशी येऊन कपाळ दाराला टेकते. भीतीने नाही, तिला तशी सवय आहे. तेव्हा ओरडू नकोस, कपाळावर भोवरा आहे तिथे बोटाने खाजव. निदान तोवर.

इकडे सगळे ठीक. मी ठीक.

कुसुमताई

*

सिल्वासा
१३ ऑगस्ट

ती. ताईस,

परवा पुण्याला निघतोय. तुझं शेवटचं पत्र ज्योतीने मला वाचायला दिलं. म्हणाली, "बघा, ताईंना कसं कळतं! आपली शेवंती खरंच दाराला कपाळ टेकते. सगळ्याच घोड्या असं करतात का हो?" मी हो म्हणालो आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

ताई, मला खोटं बोलता येत नाही, लहानपणी तूच मला त्यासाठी बडवायचीस. दसऱ्यापर्यंत असाच राहिलो तर मला काहीतरी होईल. तू म्हणशील तर सांगून टाकतो. नाही म्हणशील तर गप्प बसतो. पण काय ते लवकर कळव.

तुझा,
नंदू

*

सिल्वासा
२५ ऑगस्ट

प्रिय ताई,

आधीच सांगते, सगळं ठीक आहे. घोडी उभी आहे, खातेय, आत्ता माझ्याकडेच बघतेय. आता पुढचं शांतपणे वाचा.

शुक्रवारी पोळा होता. पहिल्या पाळीचे लोक तीनला सुटले आणि थोड्या वेळाने तानूबाई दारात. नवीन लुगडं, हातात ताट, ताटात कुंकू, फुलं आणि घडी घातलेला एवढा मोठा पुरणाचा मांडा. मी म्हटलं, काय गं? म्हणाली, "काकू, आमना गावमा बैल शेतस. आठे काय शे? घोडी तर शे ना!" इथे बैल नाही, पण घोडी तर आहे. ताई, मी काय बोलणार? या म्हटलं.

ती एकटी नव्हती. मागे चिंधा, त्याच्यामागे चाळ, चाळीमागे पलीकडच्या रांधा गावातल्या खोल्यांमधली खानदेशची माणसं. कोणीतरी कारखान्यात "पोळा पुजायला जनावर आहे" असं सांगितलेलं. शेवंतीचे खूर गेरूने रंगवले. शिंगं नाहीत म्हणून गोंडे कानांना बांधले. कोणी ओवाळलं, कोणी पाया पडलं. घरापासून लांब पत्र्याच्या खोलीत राहणारी बाप्ये माणसं, तिच्या गळ्यात पडून गावच्या बैलांची नावं घेत होती. मला भरून आलं. आणि खोटं कशाला बोलू, मिरवायलाही आवडलं. मान माझ्या अंगणाला होता ना!

आणि प्रत्येकाने नैवेद्य भरवला. पुरणपोळी, मांडा, खीर, गूळ. तुम्ही लिहिलं होतंत. पत्र फळीवर होतं, मी ते पाठ केलेलं. पण पोळ्याच्या दिवशी ताट घेऊन हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला, "नैवेद्य नको" असं कसं म्हणायचं? बैलाचा मान घोडीला दिला, तर बैलाचा घासही दिला. त्यात दोन पोळ्या माझ्या हातच्या होत्या.

शनिवारी सकाळी तिने माझ्याकडे पाहून कान टवकारले नाहीत. मी ओरडले तरी नाहीत. पायाने जमीन उकरत होती, सारखी मान वळवून पोटाकडे बघत होती, अंग घामाने निथळलेलं. मग गुडघे मोडून खाली बसली आणि लोळायला लागली. मला तुमचं ते एकच वाक्य आठवत होतं, पोटाने घोडी एका दिवसात जाते.

जनावरांचे डॉक्टर आले, तरुण आहेत, गुजराती. विचारलं, "काकी, शुं खवडाव्युं?" म्हटलं, पुरणपोळी. "केटली?" म्हटलं, सगळ्या चाळीची. ते दोन मिनिटं डोक्याला हात लावून ओट्यावर बसले. मग इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून तेल सोडलं आणि म्हणाले, "लोळू देऊ नका, नाहीतर आतडं पिळेल. सावकाश चालवत राहा, खायला काही नको. लीद पडली तर जगली समजा. नाही पडली तर मला फोन करा, पण मग माझ्या हातात फार नाही."

चिंधाने दोरी धरली. हलेना. चाळीतल्या चौघांनी ढकललं. हलेना. माझा संयम सुटला, मी म्हटलं, "ए भवाने, उठ! माझं अंगण म्हणजे काय तुझी मरायची जागा आहे?" आणि ताई, ती उठली. माझा आवाज ऐकला आणि चालायला लागली. मी गप्प झाले की थांबायची, बोलायला लागले की पाऊल टाकायची. मग काय, मी दोरी धरली आणि कारखान्याच्या भिंतीपर्यंत जायचं आणि परत यायचं सुरू केलं, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. मोगऱ्यावरून बोलले, वॉशिंग मशीनवरून बोलले, यांच्या ट्रेनिंगवरून, जुईच्या रीलवरून. दुसऱ्या पाळीला जाणारे लोक सायकली थांबवून बघत होते. तानूबाई ओट्यावर बसून रडत होती, "मना मांडानी मरी तर?" म्हटलं, अगं, माझ्याही पोळ्या आहेत आत, एकटी कशाला रडतेस?

दिवसभर तिच्या तोंडाशी चालायचं म्हणजे नजर कुठे जाणार? म्होरकीवर. गालाला दोरी काचू नये म्हणून आतून कापडाची पट्टी शिवलेली. मळलेली, पण काठ दिसत होता. मोरपंखी, बारीक रुईफुलाचा. ताई, तो काठ मी ओळखणार नाही? येवल्याला उन्हात तीन दुकानं पालथी घालून भाऊबीजेला तुमच्यासाठी मी ती साडी निवडली होती. तुमच्या अंगावर कधी पाहिली नाही. मला वाटायचं, आवडली नसेल.

मी तिथेच रस्त्यात उभी राहिले. मळा, दाजी, दाराला टेकवलेलं कपाळ, तुमचं ते "मी ठीक", सगळं एकदम लक्षात आलं. मी गप्प झाले तशी शेवंती पुन्हा खाली बसायला लागली. मग मी तुमच्यावर सुरू केलं. काय काय बोलले ते विचारू नका. "नणंद झाली म्हणून काय झालं, मला परकी समजता, भावाला पढवून ठेवता, मी तुमच्याच जनावराला चाबकाखाली द्यायला निघाले आणि तुम्ही झेंडूचा हार घाल म्हणता?" भर रस्त्यात, रडत रडत. इतकी छान चालली ती त्या वेळी!

ऊन उतरायला लागलं. पाय बधिर, आवाज बसलेला. फाटकाशी आलो आणि तिने शेपूट उचललं. आणि पडली! ताई, पडली! पहिली थोडी, तेलकट, आणि मग भरपूर. चिंधाने "पडनी!" म्हणून जी आरोळी ठोकली ती कारखान्यात ऐकू गेली असेल. तानूबाईने माझे पाय धरले, मी तिचे धरले. माणसं टाळ्या वाजवत होती. मी शेवंतीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले. ज्या लीदीने मला दोन महिने छळलं, तिला मी हात जोडून नमस्कार केला, खरंच सांगते. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, फोटो पाठवा. तो मी घाईत जुईलाही पाठवला. तिचा फोन, "आई, हे काय पाठवलंस?" म्हटलं, रील मागत होतीस ना?

रविवारी हे धावत आले. मी म्होरकी पुढे धरली. यांनी सगळं ओकून टाकलं. तुम्ही का लपवलंत तेही, तुम्ही तिला कसं ऐकता तेही.

आता तुमच्याकडे वळते. मला नाही म्हणायची मोकळीक ठेवलीत, त्याबद्दल मला राग आहे आणि त्याबद्दलच तुमच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटतं. दोन्ही खरं आहे. ती मोकळीक मी वापरली. बँडवाल्याला काल नाही म्हणून सांगितलं, अशा भाषेत की तो आता या रस्त्याने येणार नाही. हे तुमच्यासाठी केलेलं नाही. दाजींसाठीही नाही. मी तिला दिवसभर ओरडून जगवलंय, आता ती माझी आहे. तुम्हाला परत हवी असेल तर आधी मला विचारावं लागेल.

दिवाळीला या. तिच्या गळ्यावर हात ठेवायला.

तुमची,
ज्योती

ता. क. साडी आवडली नव्हती का? नुसतं विचारतेय.

*

शहादा
१ सप्टेंबर

माझ्या ज्योतीस,

"सगळं ठीक आहे" असं तू वर लिहिलंस, तरी पुरणपोळी या शब्दापाशी मला पुढे वाचवेना. जन्मात कधी केलं नाही ते केलं, मधली पानं सोडून लीद शोधली. ती सापडल्यावर पहिल्यापासून वाचलं. मग देवापुढे साखर ठेवली आणि मोठ्याने रडले. मला स्वतःचं रडणं ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्याने ते कळलं नाही. भास्कर आणि शेजारची मंजुळाबाई दोघंही धावत आली. मी त्यांना तुझं पत्र दिलं. भास्कर ते वाचून गच्चीवर गेला. खाली आल्यावर म्हणाला, "आई, दिवाळीला मी नेतो तुला." मुलगा वाईट नाही गं माझा.

माझं चुकलं. तुझ्या भल्यासाठी म्हणून तुझ्यापासून लपवलं, आणि तू मात्र मला सगळं लिहीत राहिलीस. नंदूने शेवटी मला विचारलं होतं, सांगू का म्हणून. ते पत्र मी उशीखाली ठेवून रोज उद्या उत्तर देऊ म्हणत राहिले. भीती वाटत होती. घोडी जाईल याची नव्हे, तू मनाविरुद्ध ठेवून घेशील याची. आता ती भीती गेली. इतक्या दिवसांनी काल मी जेवून दुपारी आडवी झाले ती दिवे लागेपर्यंत उठले नाही.

साडीचं. वेडे, आवडली नसती तर ट्रंकेत ठेवली असती. आवडली म्हणून मळ्यात रोज नेसले, विरेपर्यंत नेसले. आपण सणावारी नाशिकला भेटायचो, तेव्हा ती कायम मळ्यात वाळत असायची. ती फाटल्यावर काठ टाकवेना. माझ्याकडे जे सगळ्यात मऊ होतं ते तिच्या गालाला लावलं.

घोडी तुझी. मी कधी मागणार नाही. मोगऱ्याचं रोप आणते, भास्करने कुंडीसकट बांधून ठेवलं आहे, खताची चिंता तुला नाही. शेवंतीपासून लांब लाव.

तू तिला इतकं ओरडलीस, रस्ताभर, दिवसभर, आणि मी इतक्या वर्षांत तुझा आवाज एकदा नीट ऐकलेला नाही. दिवाळीला आले की आधी तिच्या गळ्यावर हात ठेवीन, मग तुझ्या. घाबरू नकोस. मला ओरडून दाखव.

कुसुम